तिचं म्हणणं आधी सांग

बाई, तुम्ही आज हयात असतात तर हे प्रकरण तुमच्यासमोर मांडायला मला फार वेळ लागला नसता. तुम्ही मला कितपत बोलू दिलं असतं, एवढाच प्रश्न होता. आमच्या उपनगरांतल्या रहिवाशांचा इंटरनेटवर एक चर्चामंच आहे. पाणी, रस्ते, कचऱ्याचा धूर, सगळ्यावर लोक तिथे लिहितात आणि भांडतात. कोणाचा मजकूर ठेवायचा आणि कोणाचा काढायचा, हे मी आणि माझी एक सहकारी पाहतो. नियमावली मी लिहिली. तिच्यात एकही शब्द सैल नाही, हे मी अभिमानाने सांगत असे.

देवनारला राहणारा एक सभासद रोज सकाळी डंपिंग ग्राउंडवर जळणाऱ्या कचऱ्याचा धूर कुठल्या बाजूला चालला आहे ते लिहितो. ते वाचून घाटकोपरपर्यंतच्या आया खिडक्या लावून घेतात. परवा त्याच्या नोंदीखाली एका गृहस्थांनी अत्यंत सभ्य भाषेत लिहिलं, "तुमच्याकडच्या लोकांना त्या हवेची सवय असते; आमच्या मुलांना ती नाही." देवनारच्या सभासदाने त्यांना आईवरून शिवी दिली. ह्याची ही तिसरी शिवी, म्हणजे नियमानुसार कायमची बंदी. गृहस्थांच्या वाक्यावर मात्र बोट ठेवता येईल असा नियम नाही.

माझी सहकारी फोनवर म्हणाली, "अगं, उडव ना त्याला! नियम तूच केलास."

"आणि धुराचं कोण सांगणार?"

"मग ठेव. पण पुढच्या शिवीवाल्याला काय सांगशील? ह्याची शिवी कामाची होती म्हणून?"

तिचं खरं होतं, आणि म्हणूनच मला चैन पडेना. तेव्हा शाळा सुटल्यावरचा मुलुंडमधला आपला वादविवादाचा सराव आठवला. तुमची पद्धत अशी, की समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या शब्दांत मांडायचं. तो "हो, हेच" म्हणाला, तरच खोडायचं. मी उभी आहे. समोर भांडुपहून येणारी, घरी मालवणी बोलणारी मुलगी. तिचा मुद्दा मी एका दमात उडवून लावते. मान वर न करता तुम्ही म्हणता, "तिचं म्हणणं आधी सांग." मी सांगते. ती म्हणते, "नाय बाई, मी असा नाय म्हटलंय." मी पुन्हा सांगते. पुन्हा नाय. वर्ग हसतो. "जीभ आहे गं तुला, कान कधी उगवणार?" असं म्हणून तुम्ही मला आंतरशालेय स्पर्धेतून काढून टाकता. ती शिक्षा मला आजही अवाजवी वाटते, बाई. ती स्पर्धा आपण हरलो.

तरीही काल मी त्या सभासदाला लिहिलं, की अपमान झाल्यामुळे तुमचा तोल गेला, असं तुमचं म्हणणं दिसतं. उत्तर लगेच आलं. "नाय मॅडम, तोलबिल काय नाय गेला. विचार करून दिली शिवी. माझी पोरगी दम्याचा पंप घेऊन शाळेत जाते नि हा बोलतो सवय आहे. मला काढा. पण त्याचं वाक्य तिथेच राहणार ना?" ते मी पुन्हा वाचलं. मग लिहिलं, "तुमचं म्हणणं असं, की शिक्षा मान्य आहे, पण शिवी काढून ते वाक्य ठेवलं, तर मंच त्या वाक्याच्या बाजूने उभा राहतो."

"हां. आता बरोबर."

मी शिवी काढली, ते वाक्यही काढलं आणि कायमच्या बंदीऐवजी त्याला आठवडाभर गप्प बसवलं. आज सकाळी धूर कुठे चालला होता, ते कोणीच लिहिलं नाही. गृहस्थांनी मात्र सभ्यपणे विचारलं आहे, "माझं वाक्य कोणत्या नियमाखाली काढलंत?" तसा नियम नाही. तो मी आता लिहीन, घोटून लिहीन. पण त्याआधी तुमच्या पद्धतीप्रमाणे त्यांचंही म्हणणं मांडून त्यांना विचारायला हवं होतं, आणि ते मी केलेलं नाही. त्यांनाही लहान मूल आहे. ते "नाही, असं नव्हतं म्हणायचं मला" म्हणाले तर, ह्याची मला भीती वाटते. तुमच्यापर्यंत काही पोहोचणार नाही, म्हणूनच हे तुम्हाला सांगते आहे. त्या गृहस्थांना अजून एक ओळही लिहिलेली नाही.