आईकडच्या आजोबांकडून

मी, शिवशंकर दत्तराव ताठे, वय त्रेपन्न, नोकरी जिनिंगच्या वजनकाट्यावर, राहणार सेलू, जिल्हा परभणी, हा दस्त पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही, कसलाही अंमल नाही. अंमल असलाच तर संतापाचा आहे, आणि त्याचं कारण इथेच नोंदवून ठेवतो. आज सकाळी माझ्या घरात, माझ्या नावाने येणाऱ्या वर्तमानपत्रातलं शब्दकोडं माझ्या आधी दुसऱ्या इसमाने सोडवलं. पेनाने सोडवलं. आणि सगळं बरोबर सोडवलं. इतका अन्याय पाहिल्यावर माणसाने मागची निरवानिरव करून ठेवलेली बरी.

सदर इसम म्हणजे राधाकिशन गंगाधर काष्टे, पूर्णा येथील, रेल्वेतून निवृत्त, माझ्या मुलीचे सासरे आणि माझे व्याही. माझी एकुलती एक दीपिका सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. जावई आदिनाथरावांना पुण्याहून सुट्टी नाही, म्हणून तिला सोडायला व्याही आले. सोडून झालं तरी राहिले. निमित्त माझंच आहे. सोमवारी परभणीला माझं हर्नियाचं ऑपरेशन आहे आणि "दवाखान्यात बसायला गडीमाणूस पाहिजे, इवाई," असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. डॉक्टरांचं पोट नाही ते, म्हणून किरकोळ. तरी पुढीलप्रमाणे.

कलम पहिले. सेलूतलं राहतं घर माझ्यामागे पत्नी विजयमाला हिचं, तिच्यामागे दीपिकाचं. गच्चीलगतची खोली बाळाची. पाहुण्यांनी कितीही मुक्काम वाढवला तरी त्यांची गादी बैठकीतच पडेल.

कलम दुसरे. बँकेतली ठेव आणि विमा, सगळं विजयमालाचं. तिने त्यातून काय वाटेल ते करावं, फक्त पाहुण्यांसाठी गावरान तूप आणू नये. लग्न झाल्यापासून माझ्या वरणावर पडत आलेली धार मला ठाऊक आहे आणि या आठवड्यात त्यांच्या वरणावर पडलेली धारही मी पाहिली आहे. मी काट्यावरचा माणूस आहे. मला वजन सांगावं लागत नाही.

कलम तिसरे. पाने, हातोडी, करवत आणि ड्रिल जावयांना. त्यांना त्यातलं काहीही धरता येत नाही, पण घरात हत्यारं असली म्हणजे त्यांच्या वडिलांना स्वतःची पिशवी घेऊन यायचं कारण उरणार नाही. व्याह्यांनी आल्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या न्हाणीतला नळ दुरुस्त केला. नळ गळत होता हे मान्य. पण तो माझा नळ होता आणि मी त्याचं बघणारच होतो.

कलम चौथे. माझे जुने राग. मेव्हणे माणिकराव यांनी नेलेली शिडी, जिनिंगच्या मॅनेजरने माझ्या तोंडावर केलेली माझ्याच सहीची नक्कल, वगैरे. हे सर्व मी माफ करतो. मन मोठं झालं म्हणून नव्हे. जागा उरली नाही म्हणून.

कलम पाचवे. पाळणा.

आमच्याकडे पाळणा मुलीच्या माहेरून येतो. ही रीत मी घातलेली नाही, पण आयुष्यात प्रथमच एखादी रीत मला मनापासून पटली. बाकी सगळं व्याह्यांना येतं. पाळणा तेवढा माझा होता.

दीपिकाने मोबाइलवर आधी दाखवला तो पांढराशुभ्र कठड्यांचा पलंग, खाली खण, शेजारी बाळाचे कपडे बदलायला कंबरेएवढं टेबल. किंमत बघून मी चष्मा पुसला. पुसल्यावरही तीच होती. दीपिकाच म्हणाली, "एवढं नको बाबा. हप्त्यावर तर काहीच नको. आपण इथंच बघू." मग मी, विजयमाला, दीपिका आणि न बोलावता गाडीत पुढे बसलेले व्याही, असे आम्ही देवगाव फाट्यावर भुजंगच्या फर्निचरच्या दुकानात गेलो.

टेबल विजयमालाने दारातच रद्द केलं. "टेबल कशाला गं? मी पाय पसरून बसते की. माझे पायच टेबल."

"आई, तुझे गुडघे?"

"गुडघे तुझ्या बापाचे दुखतेत. माझे न्हाई."

बाळाच्या कपड्यांचं कपाट व्याह्यांनी मागच्या अंधारातून शोधून काढलं. "दीपू, हे बघ. एका अंगाला पोचा हाय. तेवढं अंग भिंतीकडं कर. अंगड्या-टोपड्याला काय दिसायलंय?" पोचा दाखवून त्यांनी भाव असा उतरवला की भुजंग स्वतःच हसायला लागला. इथे नमूद करतो की 'दीपू' हे नाव मी ठेवलेलं आहे. त्याची कुठे नोंदणी केली नाही, ही माझी चूक.

भुजंग दीपिकाला म्हणाला, "ताई, तुमच्या वडलांचं डोकं लय चालतंय. अन् नाकबी तुमी त्यांचंच घेतलंय." बोट व्याह्यांकडे.

दीपिका हसली. विजयमालाही हसली. आता कोणीतरी सांगेल म्हणून मी थांबलो. कोणी सांगितलं नाही. मी छोटी गादी छातीशी धरून उभा होतो. भुजंग माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, तुमी ती गादी टेम्पोत टाका ना. का उभे ऱ्हायलात?"

त्यानंतर पाळणा मी कोणाला विचारून घेतला नाही. सागवान परवडणारं नव्हतं, म्हणून स्टँडचा, बाभळीचा घेतला. जोड पक्के, कड्या जाड. भांड्यावर आपण नाव घालतो, तसं लाकडावर घालता येत नाही. म्हणून दुकानाशेजारच्या पेंटरला तिथेच बोलावून पुढच्या फळीवर लाल रंगात लिहून घेतलं: 'आईकडच्या आजोबांकडून'.

व्याह्यांनी वाचलं. "झकास हाय, इवाई. पण बाळाला वाचायला यीस्तोर ते पाळण्यात मावायचं न्हाई."

सगळे पुन्हा हसले. पेंटरही हसला. मला काहीतरी करून दाखवणं भाग होतं. "बघा, कुरकुर तरी करतो का!" असं म्हणून मी पाळण्याला जोरात हेलकावा दिला.

रिकाम्या पाळण्याला.

रिकामा पाळणा हलवू नये हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. विजयमालाचा हात तोंडाकडे गेला. दीपिकाचं हसू जिथल्या तिथे राहिलं आणि तिने दोन्ही हात पोटावर धरले. आधीचं एक तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. आमच्या घरात त्याबद्दल बोलत नाहीत. पाळणा मात्र येत होता आणि जात होता. तो थांबवायला हवा एवढं कळत होतं, पण माझा हात उचलेना.

व्याही पुढे झाले. डोक्यावरची पांढरी टोपी काढली, टोपीसकट त्याच हाताने पुढची फळी दाबून पाळणा थांबवला आणि टोपी आत ठेवली. नीट, आडवी. वर दोनदा थोपटलं.

"रिकामा कुठं हाय? ही झोपलीय की. हळू बोला, उठंल."

मग त्यांनीच हलकासा झोका दिला आणि बेसूर आवाजात जो जो सुरू केलं. भुजंगचं सगळं दुकान बघत होतं. दीपिकाने पाळण्यात डोकावून पाहिलं. मग सासऱ्यांना म्हणाली, "पप्पा, कुंची घाला की तिला. गार लागंल." आणि हसली. डोळे पुसत हसली, पण हसली. पोटावरचा एक हात काढून तिने पाळण्यावर ठेवला.

टोपी उचलली तेव्हा कळलं की रंग ओला होता. फळीवरचं 'आईकडच्या' पुसून टोपीवर गेलं होतं, उलटं. विजयमालाने साबण लावला, पेट्रोल लावलं, निघालं नाही. व्याही तीच टोपी घालून सेलूच्या बाजारात हिंडतात. कोणी विचारलं तर सांगतात, "इवायाच्या घरचा रंग हाय, पक्का."

फळीवर आता फक्त 'आजोबांकडून' उरलं आहे. पेंटर फुकट दुरुस्त करून देतो म्हणाला. पाळण्याला पुन्हा रंग लावू नये, ही माझी इच्छा समजावी.

त्या दिवसापासून मी एका टोमण्याची वाट पाहत आहे. मी त्यांच्या जागी असतो तर तिथेच हाणला असता, आणि जेवताना पुन्हा एक. त्यांनी एकही मारलेला नाही. विजयमालाने विषय काढला तर म्हणाले, "हात लागला असंल, वहिनी. होतंय." माझा मत्सर कमी झाला असं कोणी समजू नये. उलट त्याला आता चांगलं खाणं मिळालं आहे. नळ दुरुस्त करणारा माणूस मला एकवेळ सोसला असता.

कलम सहावे. बाळाला घरातल्या पुरुषांपैकी पहिल्यांदा मांडीवर घेण्याचा मान माझा. ऑपरेशनच्या टेबलावरून मी उठलो नाही तर तो मान राधाकिशनरावांचा. त्या वेळी विजयमालाने रडू नये आणि त्यांनी गाऊ नये. मी उठलो, तर मात्र त्यांनी माझ्या पाठीमागे उभं राहून वाट बघावी. बाळ त्यांच्याकडे कधी द्यायचं ते मी ठरवीन.

कलम सातवे आणि शेवटचे. वकिलांनी सांगितलं की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. साक्षीदार दोन लागतात. एक शेजारचे लिंबाजीराव. दुसरा, ज्याला मी काहीच ठेवलेलं नाही असा माणूस, या घरात एकच आहे. कच्च्या मसुद्यात त्यांच्या नावे एक टोपी लिहिली होती, ती खोडली. मान म्हणजे मालमत्ता नव्हे, हे वकिलांना विचारून घेतलं आहे. टोपी मात्र वस्तू ठरते. आणि डोक्याची वस्तू मेल्यावर द्यायची नसते.

म्हणून आज दुपारी बाजारात जाऊन त्यांच्या मापाची पांढरी टोपी आणली. माप विजयमालाला विचारलं नाही, नजरेने घेतलं. व्याही झोपले होते. त्यांच्या सदऱ्याशेजारच्या खुंटीला अडकवून आलो. येणं-देणं आता काही राहिलेलं नाही, तेव्हा ते साक्षीला पात्र आहेत. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, मी सही करताना फक्त बघायचं असतं, हे त्यांना बजावून सांगितलं आहे.

ठिकाण: सेलू, जि. परभणी
दिनांक: १५ नोव्हेंबर २०२५, शनिवार

लिहून देणार: शिवशंकर दत्तराव ताठे (सही)

साक्षीदार १: लिंबाजी सीताराम गजमल, सेलू (सही)

साक्षीदार २: राधाकिशन गंगाधर काष्टे, पूर्णा (सही)
मजकूर वाचला न्हाई. टोपी बसली.