समोरची खोली आणि संध्याकाळचे फोन

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, व्यवसाय मोटार चालवायला शिकवणे, पती हयात नाहीत. परवा माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे, म्हणून आज हे लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी तपासून तसे लिहून दिले असून तो कागद सोबत जोडला आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गळ घातलेली नाही. अक्षर हलले आहे ते भीतीने. त्यावरून पुढे कोणी शंका काढू नये.

१. राहते घर. हे मी माझ्या शिकवणीच्या कमाईतून घेतले. धाकटे दीर अधूनमधून "आमचं घर" म्हणतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते. घर माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावे. मुलगी वकील आहे, पण स्वतःचे काही राखणे तिला जमत नाही. घर विकून ती पैसे कुणाच्या तरी खटल्यात घालील अशी मला धास्ती आहे, म्हणून तिने निदान दहा वर्षे ते विकू नये. आमचे वकील म्हणतात, "बाई, ही अट कोर्टात टिकणार नाही." न टिकली तर न टिको. आई काय म्हणाली होती एवढे तरी तिच्या लक्षात राहील.

२. जिन्यालगतची समोरची खोली. हिला वेगळे दार आहे. मालकी मुलीचीच, पण वापराचा हक्क विद्यापीठातल्या मुलांच्या फेलोशिपला.

ही काय भानगड आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक नसेल. विद्यापीठातल्या मुलांचे मंडळच ती चालवते, प्राध्यापक त्यात नाहीत. ज्यांना मोठ्या कंपन्यांत नोकऱ्या लागतात ते पगारातले थोडे बाजूला काढतात, आणि त्यावर दरवर्षी तिघे-चौघे लोकांच्या कामाला जातात. कोणी गरिबांचे खटले लढवते, कोणी गावोगावच्या विहिरींचे पाणी तपासते. माझी मुलगी चांगल्या नोकरीचे पत्र हातात असताना गेली. वर्ष संपले तरी परतली नाही. दगडखाणीतल्या मजुरांचे खटले लढवत तिथेच राहिली. मग खाणमालकांची माणसे मोटारसायकलवरून तिच्या मागे फिरू लागली. हे मला तिने नाही, तिच्या घरमालकिणीने सांगितले.

मी तडक विद्यापीठ गाठले. ग्रंथालयाच्या तळघरात, बंद पडलेल्या झेरॉक्स मशीनशेजारी त्यांचे कार्यालय. केस बारीक कापलेली एक मुलगी पाव खात बसली होती. तीच अध्यक्ष.

"माझ्या मुलीला परत बोलवा," मी म्हणाले.

"काकू, ती आमचं ऐकत नाही. तुम्हाला फोन करते का? आम्हाला करत नाही. इथे कुणाचा अभ्यासात जीव लागत नाहीये."

मी भांडायला गेले होते. तिचा चेहरा पाहून खुर्ची ओढून बसले. रोज संध्याकाळी कामाला गेलेल्या सगळ्यांना फोन करून घरी पोहोचलात का विचारायचे, असे त्यांचे ठरले होते. पण परीक्षा आली की राहून जायचे. मी म्हटले, "मी करीन."

पहिल्या दिवशी मुलीने आवाज ओळखला आणि म्हणाली, "आई, मी लहान आहे का?"

"मी मंडळाच्या वतीने बोलतेय."

"मंडळाला सांग, पोहोचले."

त्या दिवसापासून आम्ही रोज बोलतो. त्याआधी महिना-महिना बोलणे होत नसे.

पुढच्या वर्षी पाणी तपासणारा एक मुलगा होता. त्याला आम्ही पाणीवाला म्हणतो. एका संध्याकाळी त्याने फोन उचलला नाही. मी पुन्हा केला. मग त्याच्या शेजाऱ्यांना, शाळेच्या शिपायाला, शेवटी त्याच्या गावच्या बसच्या कंडक्टरला. कंडक्टरनेच बस थांबवून रस्त्याकडेच्या चारीत टॉर्च मारला. कुणीतरी मागून धडक देऊन गेले होते. पाय तीन ठिकाणी मोडला होता. दवाखान्यातून त्याला मी समोरच्या खोलीत आणले. तो तिथेच बरा झाला. त्यानंतर आणखी दोघी येऊन राहून गेल्या. एक तर नुसती झोपायला आली होती.

म्हणून ही खोली त्यांच्यासाठी असावी. भाडे घेऊ नये, चौकशा करू नयेत. वकील म्हणाले, "दरवर्षी अध्यक्ष बदलतो, विशीतली पोरं. कुणाच्या भरवशावर देताय?" मलाही तीच काळजी आहे. पण अडीअडचणीला या पोरांखेरीज दुसरे कोणी उभे राहिलेले मला दिसले नाही. विद्यापीठाच्या कार्यालयाने फेलोशिप ताब्यात घेतली तर हा हक्क संपावा आणि खोलीला मुलीने कुलूप लावावे.

३. शिकवणीची गाडी, दोन्हीकडे ब्रेक असलेली, भाच्याला. त्याने शिकणाऱ्यावर ओरडू नये. ओरडले की माणूस ब्रेकऐवजी हमखास ॲक्सिलरेटर दाबतो.

४. धाकट्या दिरांना काही नाही. सगळ्यांसमोर ताटावर बसून ते म्हणाले होते, "एवढं शिकवून फुकटची वकिली?" मुलगी अर्ध्या जेवणावरून उठली होती. त्यांनी तिला कधी सरळ विचारले की तू काय काम करतेस, तर भिंतीवरचे घड्याळ त्यांना द्यावे.

५. संध्याकाळचे फोन. वकिलांच्या मते हे मिळकतीत बसत नाही. तरी मी ते पाणीवाल्याच्या स्वाधीन करते. तो आता इथल्याच शाळेत शिकवतो. त्याच्यासाठी सूचना: उचलला नाही तर पुन्हा करावा. पुन्हा उचलला नाही तर घाबरावे आणि दिसेल त्याला विचारावे. लाजू नये. उगाच घाबरलो असे नंतर कळले तर त्यासारखे चांगले काही नाही.

६. मुलीला ऑपरेशनचे कळवलेले नाही. परवाच तिच्या मजुरांची सुनावणी आहे. माझे बरेवाईट झाले तर सुनावणी उरकल्यावरच तिला

हे कलम इथेच सोडते. आत्ताच तिचा फोन येऊन गेला. फोनची सोय व्हावी म्हणून मी मंडळाच्या यंदाच्या अध्यक्षांना कळवले होते, त्यांनी तिला सांगून टाकले.

"मी निघालेय," ती म्हणाली.

"आणि सुनावणी?"

"माझ्या जोडीची वकील उभी राहील. तुझ्यासाठी दुसरी मुलगी उभी राहणार आहे का?"

"कुठल्या रस्त्याने येतेस?"

"आई, एकच रस्ता आहे."

तो खाणीवरून येतो. सहावे कलम रद्द समजावे.

व्यवस्थापक म्हणून आमच्या वकिलांना नेमते. वरचे सर्व वाचून पाहिले, माझ्याच मनातले आहे, म्हणून दोघांच्या डोळ्यांदेखत सही करते.

ठिकाण: राहत्या घरातले जेवणाचे टेबल.
तारीख: दवाखान्यात दाखल होण्याच्या आदल्या दिवसाची.

साक्षीदार पहिले: तळमजल्यावरचे डॉक्टर.
साक्षीदार दुसरे: माझ्या गाडीचे मेकॅनिक. हात धुऊन आले, तरी कागदाला ग्रीस लागले. तो डाग खाडाखोड समजू नये.

दोघांनाही या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. सह्या होऊनही दोघे उठलेले नाहीत. पोरगी येईपर्यंत बसतो म्हणाले. मी नको म्हटले नाही.