टिनाच्या डब्यातला ठिपका

बाई, सातवीत तुम्ही आम्हाला शाळेतल्या तांदळाच्या पोत्यांच्या खोलीत बसवलं होतं, तो तास मला अजून सोडत नाही. बाहेर भर दुपार, खिडकीला गोणपाट ठोकलेलं, दाराच्या फटीत चिंध्या. वीस मिनिटं कुणी बोलायचं नाही, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्यायची. मग तुम्ही पेटती अगरबत्ती टिनाच्या डब्यात ठेवता. डब्याला सुईएवढं छिद्र, कधी उघडं, कधी तुमच्या अंगठ्याखाली. ठिपका दिसला की ‘हो’ म्हणायचं. छिद्र झाकलेलं असतानाही पोरं ‘हो’ म्हणतात आणि तुम्ही हसता. “खोटं नाही बोलून राहिले ते. अंधारातही डोळ्यातली पेशी उगाच खबर देत राहते. तिच्या पुढची पेशी बारीक खबर अडवते, मोठी तेवढी जाऊ देते. त्यात थोडा खरा उजेडही मरते. पण अडवलं नाही तं डोळ्यापुढे नुसत्या चांदण्याच नाचतीन.”

मला मात्र खरं-खोटं काहीच दिसत नव्हतं. अंगठा काढताना तुमच्या बांगड्या वाजत, त्यावर मी ‘हो’ म्हणत गेले. एकही चुकलं नाही. “काऊन वं, घुबडाचे डोळे घेऊन आली का?” म्हणत तुम्ही तुमचा शाईचा पेन मला दिलात. पुढे मी दिवेलागणीला अडखळायची, तेव्हा आई तुम्हाला विचारायला आली. तुम्ही तिला ठासून सांगितलंत, “हिचे डोळे वर्गात सगळ्यात चांगले आहेत.” मी शेजारीच उभी होते. बांगड्यांचं सांगितलं नाही. दोन वर्षांत तुम्ही वारलात.

यंदा मुलीला घेऊन कचारगडच्या जत्रेला गेले. ती नऊ वर्षांची आहे. गुहेत शिरल्यावर सगळे क्षणभर थबकले, मग चालू लागले. मी तिथेच. मागून कुणी ओरडतंय, “आगे बढ़ो!” मी मुलीला म्हटलं, माझा हात धर आणि पुढे हो. ती हलेना. हळूच म्हणाली, “आई, मलेही नाही दिसून राहिलं.”

नागपूरच्या डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांच्या पडद्याचा फोटो काढला. मंद उजेड टिपणाऱ्या पेशी लहानपणापासून मरत आल्यात, म्हणाले. कडेचं गेलंच आहे, मधलंही जाईल. औषध नाही. मी विचारलं, सातवीत कळलं असतं तर? “तरी हेच झालं असतं.” म्हणजे माझ्या खोट्याने काही बिघडलं नव्हतं. हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तेव्हा निदान तुम्हाला तरी ठाऊक असतं, बाई. अंधारात कुणीतरी मुद्दाम माझा हात धरला असता.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. डॉक्टर मुलीलाही आणायला सांगत होते. मी दोनदा नंबर लावला, दोन्ही दिवशी तिला शाळेत पाठवलं आणि घरात बसून राहिले. नवऱ्याला सांगितलं, तपासून आणलं, पोरीला काही नाही.