तुलनेला घेतलेली मान

५ जानेवारी १९९८, सोमवार

आज परत झालं! हे मसाला मार्केटमधून जेवायला आले. भाकरी मोडायला गेले आणि उजवा हात ताटातच पडून राहिला. बोलायला तोंड उघडलं तर नुसतं ब—ब—. मी हात चोळत बसले. थोड्या वेळानं हात हलला, तर म्हणतात, "काय न्हाई, पोती जरा जास्त झाली आज." ह्यांच्या प्रत्येक दुखण्याचं मूळ पोत्यात!

संध्याकाळी दवाखान्यात ओढत नेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, मानेतली रक्ताची नळी अरुंद झालेली दिसते. आता एमआरआयच्या मशीनमध्ये कुठल्या नळीतून मेंदूला किती रक्त जातं ते मोजायचं. मग ठरवू, मान उघडून ऑपरेशन करायचं की नाही.

मान उघडून! आमचे हौसेराव आयुष्यभर त्याच मानेवर घर उचलून धरत आलेत.

७ जानेवारी

ह्यांचा सदरा झटकताना मिरचीची धूळ उडाली. माझ्या डाव्या डोळ्यापुढे परत पडदा ओढल्यासारखं झालं. पाणी मारलं, गेलं. मसाला मार्केटच्या हमालाशी संसार, तिखट फुकट.

९ जानेवारी, शुक्रवार

मोजून झालं. वाहतं रक्त त्या मशीनला वेगळं ओळखता येतं म्हणे, त्याचा वेगही. काचेपलीकडे ह्यांचे पाय तेवढे दिसत होते. आतून ठोकाठोक चाललेली. मला रडू आलं, लपवलं नाही.

हे बाहेर आले तसं डॉक्टरबाई मला म्हणाल्या, "तुम्ही झोपाल का आत? तुलनेला निरोगी माणसाचं माप हवंय, ह्यांच्याच वयाच्या आसपासचं. फुकट आहे." हे लगेच, "झोप की. तुला तरी पाठ टेकायला मिळंल."

पण मंगळसूत्र काढायला लागणार! लग्नापासून कधी उतरवलं नव्हतं. मी अडून बसले. तिथल्या आया मालतीबाई, शिरवणे गावच्या, म्हणाल्या, "गला उघडा नको ठेवू, बाय. हलकुंड बांद."

दवाखान्यात हळकुंड कुठलं? ह्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. सकाळीच हळदीची गाडी उतरवली होती, खिशात तुकडे सांडलेले! मालतीबाईंनी पदराचा दोरा ओढून दिला. हे बांधायला लागले. बोटं काही ऐकेनात, गाठ बसेना. शेवटी मालतीबाईंनीच मारली. हे खिडकीकडे बघत उभे राहिले. मला फार वाईट वाटलं.

१४ जानेवारी, संक्रांत

ऑपरेशन नाही!!

डावीकडची नळी पूर्ण बंदच झालीय, कधीचीच. पूर्ण बंद झालेली नळी उघडत नाहीत. पण उजवीकडून आणि मागच्या नळ्यांमधून जास्तीचं रक्त जातं, ते मापात स्पष्ट दिसलं. त्यावर भागतंय. गोळ्या घ्यायच्या. ओझं मात्र बंद.

हे म्हणाले, "आमच्या टोळीवानीच की! एक गडी पडला तर बाकीचे त्येचं पोतं उचलत्यात." डॉक्टरबाई खूप हसल्या. तिळगूळ दिला त्यांना.

घरी येताना लोकलमध्ये मात्र हे पंच्याची घडी घालत, उलगडत बसले. ओझं बंद म्हणजे मजुरी बंद, हे त्यांना वाशी येईपर्यंत कळलं होतं, मला पुढच्या सानपाड्यात. असू दे. माणूस तर आहे!

माझं माप विचारायचं राहूनच गेलं. निरोगी माणसाचं काय विचारायचं?

१७ जानेवारी, शनिवार

डॉक्टरबाईंनी दोघांनाही बोलावलं. आवळलेली नळी माझ्या मानेत आहे, डावीकडे. थोडीशीच उघडी उरलीय. उघडी आहे म्हणूनच ऑपरेशन होऊ शकतं, आणि लवकर करायलाच हवं.

"डाव्या डोळ्यापुढे पडदा येतो कधी?"

मी म्हटलं, मिरचीनं येतो. त्या हसल्या नाहीत.

सोमवारी अॅडमिट. मला भीती वाटते.

मंगळसूत्र आत्ताच उतरवून ठेवलं. ह्यांनी त्या दिवशीचं हळकुंड डब्यातून काढलं, म्हणाले, "गळ्यात नको, तितं चिरणार. मनगटात बांधतो." शेजारणीला हाक मारू का म्हटलं, तर "गप बस." खूप वेळ लागला. पण गाठ ह्यांनीच मारली.