तिघांच्या फिती

१४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. (साष्टांग लिहिलंय खरं, पण आजोबांची खोली आवरून कंबर धरली आहे. खुर्चीतूनच घातलेला नमस्कार गोड मानून घे.)

आजोबांना जाऊन काल तीन महिने झाले. खोलीत पाने, पक्कड आणि स्क्रूचे डबे तर निघालेच, शिवाय एक वही निघाली. बागेतल्या झोपाळ्याची कुठली कडी झिजली, शाळेच्या जिन्याची कुठली पायरी हलते, सगळं तारीखवार. ते गेल्यापासून बाबा शिडीवर चढायला घाबरतात. आधी हलवून बघणारं माणूसच उरलं नाही, म्हणतात.

आता कामाचं. माजी सैनिकांच्या मंडळाने नवं सभागृह बांधलंय. तिथे सगळ्या जुन्या सैनिकांचे फोटो लागणार, म्हणून मी आजोबांचा फोटो घेऊन गेले. कार्यवाह भला माणूस. चहा पाजला आणि मग मान खाली घालून म्हणाला की आजोबांच्या नोंदीत हुकूम मोडल्याचा शेरा आहे, हवालदारपद काढून घेतलं होतं, तेव्हा फोटो लावता येणार नाही. आत्या, मी तो चहा तसाच ठेवून उठले. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, ताईला विचार, तिला ठाऊक आहे.

मी नोंदीची प्रत मागवली आहे. पण त्याआधी तुझ्याकडून ऐकायचंय.

लोभ आहेच, त्यात थोडी भर घाल.
तुझी,
भिंगरी

२१ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं आणि चार दिवस उत्तर टाळलं. आज वर्गात मुलांना गणिताचा पेपर दिलाय, ती गप्प आहेत तोवर लिहिते.

मी चौथीत होते. मधल्या सुट्टीत एका मुलीने सगळ्यांसमोर सांगितलं की माझे वडील पळपुटे आहेत. तिचे वडीलही सैन्यात होते, त्यांनीच तिला सांगितलेलं. मी तिची वेणी ओढली, बाईंचा मार खाल्ला आणि घरी येऊन अण्णांना विचारलं. ते शिवणयंत्राला तेल घालत होते. पूल खराब होता, एवढंच म्हणाले. मी पुढचं ऐकायला उभी राहिले, तर त्यांनी यंत्राचं चाक फिरवून पाहिलं आणि मला जेवून घ्यायला सांगितलं. त्या दिवशी ते माझ्याशी खोटं बोलले असते तरी चाललं असतं. गप्प बसलेले चालले नाहीत.

माझ्या लग्नात काय झालं तुला माहीत नसेल. पाहुणे जमलेले आणि नवरीचा बाप व्यासपीठाखाली पालथा पडून खिळे तपासतोय! सासरची मंडळी वर्षभर हसली. मला वाटायचं, एका पुलाला घाबरलेला माणूस आता जन्मभर प्रत्येक फळीला घाबरणार. म्हणून माहेरी येणं कमी केलं. आता कळलं ना?

तो शेरा उकरू नकोस. त्यातून काही चांगलं निघणार नाही.

माझा लोभ कागदावर दिसत नसला तरी आहे, हे तुला ठाऊकच आहे.
आत्या

१९ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

रागाव, पण आधी पूर्ण वाच. नोंदीची प्रत आली. पान एक, पान दोन, पान चार. छापखान्यात दिवसभर मुद्रितं तपासणाऱ्या बाईला तिसरं पान नाही म्हटल्यावर झोप लागेल का? मी परत लिहिलं आणि तिसरं पान आलं.

नदीवर होड्या बांधून, वर फळ्या टाकून तात्पुरता पूल केला होता. राखणीला आजोबा आणि त्यांच्या हाताखालचे, हुद्द्याने एक पायरी खालचे दोन नाईक. पाणी चढलं. दहा लॉऱ्या जवानांनी भरून आल्या. अधिकाऱ्याला घाई होती, त्याने पूल उघडायला सांगितलं. आजोबा हातात काठी घेऊन एकटे पुलाच्या मध्यापर्यंत गेले, कमरेपर्यंत भिजून परत आले आणि म्हणाले, दोर सुटत आहेत, नाही उघडणार. अधिकाऱ्याने तिथल्या तिथे तिघांच्याही बाहीवरच्या हुद्द्याच्या फिती उतरवल्या आणि पुलासाठी दुसरी माणसं बोलावली. ती पोचायच्या आत पूल मधोमध तुटून वाहून गेला. त्यावर एक माणूस नव्हता.

वर्षभराने वरच्या साहेबांनी लिहिलं, या माणसाने दोनशे जीव वाचवले, हवालदारपद परत द्यावं. आणि त्याखाली, आत्या, आजोबांचं अक्षर. नाईकांच्याही फिती परत मिळत असतील तर घेतो, एकट्याला नकोत. नाईकांचा विचार कोणी केला नाही. कागद तिथेच पडून राहिला.

त्यातले एक नाईक हयात आहेत. चौऱ्याऐंशी वर्षांचे, जन्मभर शिंपीकाम केलं. मी जाऊन भेटले. आजोबांनी आपल्यासाठी पद नाकारलं, हे त्यांना कधीच कळलं नव्हतं. आधी हमसून रडले, मग आजोबांना माझ्यादेखत यथेच्छ शिव्या घातल्या.

तिघांसाठी मिळून एकच अर्ज करायचाय. दुसऱ्या नाईकांच्या पत्नीने उभ्या उभ्या सही दिली. आजोबांकडून थोरल्या अपत्याची सही लागते. अर्ज सोबत ठेवलाय.

लोभ करशील तो करच, पण आधी सही कर.
भिंगरी

२४ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

सही केली आहे. कागद एका जागी ओला होऊन सुकलाय, त्याबद्दल त्या कचेरीने काही विचारलं तर माझ्याकडे पाठव.

पुलावरून दुसरे जाणार होते, अण्णा नव्हे, भिंगरे. अण्णा घाबरले असते तर हुकूम मानून गुपचूप बाजूला झाले असते. मी गणित शिकवते आणि मला हे पन्नास वर्षांत सुटलं नाही.

तुझ्यावर लोभ आहे, आज जरा जास्तच.
आत्या

१० ऑगस्ट

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. कांजिण्या सुकल्या का? खाजवू नकोस. अठ्ठावीस वर्षांची घोडी आणि ऐन समारंभाला कांजिण्या! तुझं भाषण माझ्या गळ्यात पडलं, म्हणून सगळं सविस्तर कळवते.

सभागृह गच्च भरलं होतं. भिंतीवर तिघांचे फोटो शेजारी शेजारी. कार्यवाहांनी खुर्ची सरकवून दिली. मी बसण्याआधी ती हलवून पाहिली आणि तुझा बाप मोठ्याने हसला. सैन्याकडून आलेल्या बाईंनी हुकूम वाचला. तिघांचंही पद फिती उतरवल्या त्या दिवसापासून परत, शेरा रद्द. मग मला बोलायला उभं केलं. तू लिहून पाठवलेलं भाषण मी पर्समधून काढलंच नाही. म्हटलं, चौथीत असल्यापासून मला एक गोष्ट चारचौघांत सांगायची होती. आणि नदीपासून सगळी सांगितली. दिलेला हुकूम माझ्या वडिलांनी मोडला, असं मी म्हणाले तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने काठी जमिनीवर आपटून शाबास म्हटलं.

पाकिटातून फिती दिल्या. तू भेटलेल्या शिंपीकाकांनी आपल्या फिती खिशात ठेवल्या आणि कॉलरमागून सुई काढली. हवालदाराचा कोट आणा, म्हणाले. तुझ्या बापाने तो आणलाच होता. काकांकडून सुईत दोरा जाईना. मी ओवून दिला. बाही ताणून धरायलाही मीच. बारीक, सरळ टाके घालत होते आणि मला एकटीला सांगत होते की अधिकारी ओरडायला लागला तेव्हा अण्णांनी या दोघांना बाजूला व्हायला सांगितलं होतं. तुम्ही पोरं आहात, हे माझ्या एकट्यावर घेतो, म्हणाले होते. दोघेही हलले नाहीत. मग अण्णा त्यांना म्हणाले, तर मग नीट ताठ उभे राहा.

तिसरी फीत बसली. काकांनी गाठ मारली, दोरा दाताने तोडला, काठी टाकून उभे राहिले आणि कोटाला सलाम ठोकून खणखणीत आवाजात हाक मारली, हवालदार! सगळं सभागृह उभं राहिलं. मी तो कोट दोन्ही हातांनी जेवढा उंच धरता आला तेवढा धरला.

दंड अजून दुखताहेत. दुखू देत. तुझ्यावरचा लोभ आता मोजायचा नाही.

तुझी आत्या,
हवालदाराची थोरली मुलगी