ट्रिना नावाचा रंग

११ एप्रिल
बिस्किटने अंडी घातली! सहा. एकही पिवळं, कोरडं नाही. सगळी पांढरी, गच्च, एकमेकांना चिकटलेली. तिचा वेढा सोडवताना मनगट भरून आलं – सोडतच नव्हती बया. टब तीनदा धुतला. अंड्यांचा वास राहिला तर अजगरीण रिकाम्या टबातच वेढा घालून उपाशी बसते.
अंडी उबवायच्या पेटीत ठेवली. एकोणनव्वद अंश फॅरनहाइट. छप्पन्न दिवस धरले तर सहा जून.
आई ट्रिना रंगाची, बाप ट्रिना रंगाचा – तिचाच मुलगा, सापांत चालतं. चारात एखादं पिल्लू दोघांकडून रंग घेऊन येईल. ते कसं दिसेल, अजून कुणालाच माहीत नाही. मला मरायच्या आधी ते बघायचंय.

१२ एप्रिल
अंड्यांमागे टॉर्च धरला. सहाही अंड्यांत लाल शिरा.

१७ एप्रिल
ईस्टर. चर्चमध्ये हॅम आणि बटाटे. पास्टरच्या बायकोने विचारलं, "ते अजगर अजून आहेत का गं तळघरात?" आहेत म्हटलं. तिने बशी घेऊन टेबल बदललं.
तिला काय सांगणार? घानाहून खोकी भरून पिल्लं यायची, ट्रिनाने त्यातलं हे एक उचललं. बाकी सगळी काळी-तपकिरी, हे कॉफीत दूध जास्त झाल्यासारखं, कडेने जांभळट. "आई, हिच्यात काहीतरी वेगळं आहे." एकोणीस वर्षांची होती. चार महिन्यांनी बर्फावरून तिची गाडी घसरली. मला साप डोळ्यांसमोर नको व्हायचा. पण बिस्किटला कुणीतरी खायला घालायला हवं होतं. घालत गेले.
पुढचं ऑर्विलने शिकवलं, तोही साप पाळतो. जोडी कधी लावायची, अंडी कशी उबवायची. बिस्किटची निम्मी पिल्लं तिच्या रंगाची निघाली, त्यांचीही निम्मी. म्हणजे रंग नवा, रक्तातून येणारा. आम्हा साप पाळणाऱ्यांत रंग जो सिद्ध करतो, नाव तोच ठेवतो. मी 'ट्रिना' ठेवलं. आज जपानमध्येसुद्धा कुणाच्या तरी घरात एक 'ट्रिना' आहे. थडग्यावरचं नाव वाचायला माझ्याशिवाय कोण जातं?

२६ एप्रिल
ओहायोहून शॉनाचा फोन. गेल्या वर्षी माझ्याकडून पिल्लू नेलं होतं. नर्स आहे, बोलणं हळू. "वेल्माबाई, तक्रार म्हणून नाही सांगत. पण ते मान वाकडी करून छताकडे बघत बसतं. उंदरावर झेप घेतं आणि भिंतीवर आपटतं."
मी विचारलं, टब किती गरम ठेवतेस? एकदा जरी जास्त तापला तर मेंदूवर जातं, म्हटलं. ती म्हणाली, "म्हणजे माझ्याच हातून झालं?"
"होतं गं असं," मी म्हटलं.
फोन ठेवून हात धुतले. फोनवर बोलून कुणी हात धुतं का?

८ मे
मदर्स डे. थडग्यावर ट्यूलिप. थंडीने मान टाकलेली होती, तरी नेली.

१४ मे
ऑर्विल आला. बायकोने भाजलेली रुबार्बची गोड पाई घेऊन आला, म्हणजे काहीतरी वाईट सांगायचंय हे दारातच कळलं.
"ग्रुपवर वाचलंस?"
"नाही." वाचलं होतं.
"अकरा जण झाले, वेल्मा. सगळ्यांची तीच रड. मान फिरते, नेम चुकतो."
"नवशिके असतील."
"आणि मी? चाळीस वर्षं साप पाळतोय. माझ्याकडच्या दोन्ही ट्रिनांचं तेच आहे. तुझ्याकडे बघून गप्प बसलो." काट्याने पाई नुसती उकरत होता. "आता दुसऱ्या कुठल्या सापाची मान हलली तरी पोरं म्हणतात, ह्याला ट्रिना झालीय."
मला ते लिहायचं नव्हतं. लिहिलं.
म्हटलं, बिस्किट ठणठणीत आहे. तो म्हणाला, "काढ बाहेर. उताणी कर, बघू किती वेळात सरळ होते." मी म्हटलं, आत्ताच खाल्लंय तिने, हात लावायचा नाही. खोटं! अंडी दिल्यापासून तिने उंदराकडे बघितलेलं नाही, आणि हे त्यालाही माहीत.
"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं होय?" म्हणाला. मग आवाज खाली आणून, "निदान नाव बदल. पोरीचं नाव काढून घे यातून."
"मग तिचं उरलं काय?"
तो टोपी घालून गेला. पाई तशीच पडलीय.

१५ मे
बिस्किट धांदरट आहे, एवढंच. उंदीर चिमट्याने अगदी नाकाशी धरला की घेते. पहिल्यापासूनच अशी. ट्रिनाच्या कार्डावरही आहे ते. आम्ही प्रत्येक टबावर कार्ड लावतो – कधी खाल्लं, कधी कात टाकली. ट्रिनाचं कार्ड मी प्लास्टिकच्या पाकिटात घालून टबावर चिकटवलंय, माझं वेगळं. तिच्या कार्डावरची शेवटची ओळ – '३ फेब्रुवारी. एक उंदीर. तिसऱ्या झेपेला मिळाला, वेडी कुठली.' त्यानंतर आठ दिवसांनी ती गेली. तळघरात गेले की आधी पाकीट पुसते. मग बाकीची कामं.

६ जून
अंड्यांना चीर दिली. चौथ्या अंड्यात पांढरं! दुधासारखं पांढरं, डोळे जांभळे, पाठीवर एकच फिकट सोनेरी रेघ. सहाव्यातही तसंच एक. मी जिन्याच्या पायरीवर बसून रडले. इतकं सुंदर काही माझ्या हातून आजवर झालं नव्हतं. म्हटलं, ट्रिना, बघ गं.

८ जून
चार बाहेर आली. पांढरी दोन्ही अजून अंड्यातच.

९ जून
आली. थकलीत बहुतेक.

१३ जून
थकलेली नाहीत. एक सारखं स्वतःभोवती पिळतं, मळसूत्र फिरवावं तसं, थांबतच नाही. उताणं पडलं की उताणंच. दुसऱ्याला वर कुठे, खाली कुठे, कळत नाही. पाण्याच्या वाटीत तोंड बुडवून तसंच राहिलं, मी बाहेर काढलं. वाट्या उचलून ठेवल्या. ओलं फडकं घातलं.

१५ जून
ऑर्विलला बोलावलं. तो टबाजवळ बराच वेळ उकिडवा बसला. मी तुला सांगितलं होतं, असं काही म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.
"तुला ठाऊक होतं ना, वेल्मा?"
"होतं."
"कधीपासून?"
"पहिल्या वेतापासून. तेव्हा एकाच पिल्लाची मान हलायची. ते मी विकलं नाही, कुणाला दाखवलंही नाही."
इतकी वर्षं हे वाक्य तोंडातून निघालं नव्हतं. निघाल्यावर हलकं वगैरे काही वाटलं नाही. लाज वाटली, ती अजून वाटतेय.

१६ जून
दोघांना डॉक्टरांकडे नेलं. एकेक सुई. फॉर्म भरताना तिथल्या पोरीने विचारलं, "यांची नावं?" मी म्हटलं, नावं नाहीत.
मागच्या कुंपणाशी पुरली. ऑर्विलने खड्डा खणला.

१९ जून
शॉनाला फोन केला. म्हटलं, तुझ्या हातून काही झालं नव्हतं. ते रक्तातच आहे, मला माहीत होतं, मी खोटं बोलले. ती म्हणाली, "दोन महिने जो कुणी भेटेल त्याला सांगत होते, की मी त्याला भाजलं." फोन ठेवून दिला. ठेवणारच.

२१ जून
ग्रुपवर लिहिलं. ट्रिनाची जोडी कुणीही लावू नये. हा दोष रंगासोबतच येतो, वेगळा काढता येत नाही. मी लपवला. जी आहेत ती मरेपर्यंत नीट सांभाळा, उंदीर नाकाशी धरा. खाली पूर्ण नाव घातलं. बऱ्याच लोकांनी शिव्या घातल्या. एकाने लिहिलं, असल्या रंगाला स्वतःच्या पोरीचं नाव कोण देतं.
उद्या बिस्किटला वर बैठकीत आणणार. ती आता नुसती माझी सोबतीण.

२२ जून
बिस्किटचा टब वर आणला. ही शेवटची नोंद ट्रिनाच्या कार्डावरच करावी असं वाटलं – जोडी बंद, कायमची. सात वर्षांत पहिल्यांदा कार्ड पाकिटातून काढलं. पुढच्या बाजूला जागा नव्हती, ३ फेब्रुवारीची ओळ अगदी तळाशी. म्हणून पालटलं.
मागे ट्रिनाचं अक्षर. '९ फेब्रुवारी. आजही नेम चुकला, मान हलते. हिच्या रक्तातच असावं. हिची पिल्लं कधीच काढायची नाहीत. आईला सांगायचंय.'
पाकीट मी रोज पुसत होते. पुढून.