थोरल्या आबांचं घड्याळ

४ ऑगस्ट
देव्हाऱ्यात घड्याळ! सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, देवांच्या टाकांबरोबर त्यालाही ताम्हनात आंघोळ घालतात. जूनमध्ये माझे यजमान राजवर्धन पलटणीबरोबर सरहद्दीवर गेले, मी लेक अंकिताला घेऊन इथे उंब्रजला आले, पण ते नीट पाहिलं आज. दुसऱ्या महायुद्धात इटलीत कामी आलेल्या, या घरच्या थोरल्या आबांचं. काच नाही. आकडे निम्मे धुऊन गेलेले.

"पयलं अंधारात उजेडायचं," आत्या म्हणाल्या. "आबा जागं हायती म्हनायचे समदे. मग इझलं. शांती मिळाली त्यास्नी. तवापासनं देवात घेतलं."

मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. अंधारात उजळणारं जुनं घड्याळ म्हणजे रेडियम.

५ ऑगस्ट
विझला तो रंगातला उजेड. रेडियम विझत नाही — निम्मं व्हायलाच सोळाशे वर्षं! एके काळी सोन्याहून महाग. त्याच्या सुया कॅन्सरच्या गाठीत खुपसत, आणि त्याच रेडियमनं घड्याळाचे आकडे रंगवत. पोटात गेलं की शरीराला ते कॅल्शियमच वाटतं. थेट हाडात जाऊन बसतं.

आणि माझी सहा वर्षांची पोर रोज सकाळी आत्यांपुढे तीर्थाला हात पसरते.

६ ऑगस्ट
फिजिक्सचे वीरधवल सर किरणोत्सर्ग मोजायचं मीटर घेऊन आले. घड्याळाजवळ नेताच कडकड सुरू! मामा, म्हणजे सासरे, हसले. "रेडियम म्हंजी ट्रॉलीमागची पट्टी न्हवं का?" म्हटलं, मामा, त्या पट्टीत रेडियमचा कणही नसतो, नाव तेवढं उरलंय. खरं रेडियम या घड्याळात आहे.

सरांनी घड्याळ डब्यात बंद करून नेलं. "आवं, आबास्नी कुटं न्हेताय?" आत्या उंबऱ्यात बसून रडल्या. मला त्यांचा राग आला, आणि कीवही.

९ ऑगस्ट
अंकिताच्या लघवीचा नमुना मुंबईला पाठवला. "आई, पाय दुखतोय," म्हणाली. खेळून दुखत असेल. असेल ना? मी नडग्या चेपत बसले. आबा, माझ्या पोरीनं तुमचं काय वाकडं केलं हो?

१७ ऑगस्ट
रिपोर्ट नाही. आत्या बोलत नाहीत. घड्याळाच्या रिकाम्या जागेवर फूल वाहतात.

२७ ऑगस्ट
काही नाही! अंकिताच्या अंगात काही म्हणजे काही नाही! मी स्वयंपाकघरात ढसाढसा रडले, मग शेवयांची खीर केली. वीरधवल सर फोनवर म्हणाले, "दोन महिने रोज पिऊनसुद्धा? नवलच आहे." असू दे नवल. मला नाही विचार करायचा.

२८ ऑगस्ट
आत्या आज आपणहून बोलल्या. "उगा रडलीस. पोरीला कुटं देत हुते मी? तिला साधं पानी. आबांचं तीर्थ लढाईवर जानाऱ्या गड्यालाच. दर रजेला राजाला बाटली भरून देते की!"

राजवर्धनना फोन लावला. "आईला सांग, बाटली सपली," म्हणाले. "तळाचा गाळबी टाकला न्हाई. देवाचं म्हनून पिलो."